बांधकाम आणि पाडकामाच्या पथकासाठी पोशाखाचा नियम कसा ठरवावा

बहुतेक साइटच्या फाटकावर हेल्मेट, बूट आणि रिफ्लेक्टर जॅकेट अशी तीन चित्रे असलेला फलक टांगलेला असतो आणि त्यालाच पोशाखाचा नियम समजले जाते. फाटकातून आत येण्यापुरता तो पुरेसा आहे. पण आत गेल्यावर एक जण गॅस कटरने गर्डर कापत असतो, दुसरा ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून पृष्ठभाग सारखा करत असतो आणि तिसरा जुन्या भिंतीचा गिलावा ब्रेकरने उतरवत असतो. या तिघांना एकच पोशाख चालत नाही. शिवाय त्या फलकावर काय घालायचे एवढेच असते. घातलेले कपडे कुठे उतरवायचे, ते कोणी धुवायचे आणि केव्हा टाकून द्यायचे याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात नियम फसतो तो बहुधा इथेच.

आधी कामांची यादी

नियम लिहायला बसण्यापूर्वी साइटवर दोन दिवस फिरावे आणि प्रत्येक कामापुढे चार-पाच प्रश्नांची उत्तरे टिपून घ्यावीत. वरून काय पडू शकते, समोरून काय उडते, अंगावर काय सांडते, कपडा कशात अडकू शकतो आणि श्वासातून काय आत जाते? ही टिपणे हातात आली की कपड्यांची निवड बरीचशी आपोआप होते. कामे मात्र खऱ्या नावांनी लिहावीत. ‘सामान्य मजुरी’ असा रकाना केला, तर फळ्यांतले खिळे काढणारा आणि राडारोडा भरणारा दोघेही त्यात बसतात आणि दोघांनाही चुकीचे हातमोजे मिळतात.

याच टप्प्यावर हेही पाहावे, की धोका कपड्याविना कमी करता येतो का. काँक्रीट कापणाऱ्या कटरवर पाण्याची धार सोडल्याने धूळ बसत असेल, तर ती व्यवस्था आधी करावी आणि मास्क तिच्या जोडीला द्यावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक करारातही (क्रमांक १६७) हाच क्रम आहे: अन्य मार्गांनी पुरेसे संरक्षण मिळत नसेल, तिथे योग्य सुरक्षा साधने आणि संरक्षक कपडे मालकाने द्यायचे आणि सुस्थितीत ठेवायचे, तेही कामगाराकडून पैसे न घेता. हे शेवटचे कलम नियमाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावे. बुटांचे पैसे मजुरीतून कापले जातात हे कळले, की माणूस फाटलेले बूट दाखवायचेच बंद करतो.

अंगावरचे कपडे

मूळ पोशाख म्हणजे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण लांबीची, मजबूत कापडाची पँट. दोन्ही अंगाबरोबर असावेत. ढगळ नकोत आणि वाकताना उसवतील इतके घट्टही नकोत. मफलर, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे लांब केस, कमरेला बांधलेला शर्ट यांपैकी काहीही फिरत्या शाफ्टमध्ये ओढले जाऊ शकते. अंगठी आणि कडे काढून ठेवावे, कारण उडी मारून उतरताना अंगठी खिळ्यात किंवा कडेला अडकली, तर बोटाची कातडी सोलून निघते. उन्हाळ्यात बाह्या गुंडाळण्याचा मोह होतो आणि तो मी समजू शकतो; पण त्यावर उपाय हलके, हवा खेळणारे कापड, सावली, पाणी आणि विश्रांतीच्या जादा वेळा हा आहे. उघड्या हातांवर ऊन, ठिणग्या आणि सिमेंट तिन्ही येतात.

जिथे ठिणगी आहे तिथे कापड कोणते हे पाहावेच लागते. पॉलिएस्टर आणि नायलॉन तापल्यावर वितळतात आणि कातडीला चिकटतात. सुती कापड जळू शकते, पण वितळत नाही. म्हणून गॅस कटिंग आणि वेल्डिंग करणाऱ्यांना ज्वालारोधक प्रक्रिया केलेले जाड सुती कापड किंवा चामड्याचा एप्रन द्यावा. या कामाच्या कपड्यांसाठी आयएसओ ११६११ हे मानक आहे आणि खरेदी करताना लेबलवर तो आकडा शोधावा. यात एक गोष्ट हमखास निसटते. कटरवाल्याला सगळे कपडे योग्य दिले जातात आणि वरून त्याला साधे पॉलिएस्टरचे रिफ्लेक्टर जॅकेट चढवायला लावतात. त्याचे जॅकेटही ज्वालारोधक हवे. पँटच्या पायांचा खालचा काठ बाहेरच्या बाजूने दुमडलेला नसावा आणि खिशांना झाकण असावे. दुमडीत पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही, ती तिथे धुमसत बसते आणि माणसाला जाणवते तोवर कापडाला भोक पडलेले असते.

ओल्या सिमेंटचे वेगळे आहे. त्याचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते आणि कातडी भाजते; पण सुरुवातीला दुखत नाही. माणूस गुडघे टेकून तासभर काम करतो, पँट गुडघ्याला ओली होऊन चिकटते, थोडी खाज येते आणि तो तसाच काम संपवतो. संध्याकाळी कपडे काढताना गुडघ्यावर लालसर, मग काळपट चट्टा दिसतो, तो खोलवर गेलेला भाजल्याचा व्रण असतो. म्हणून काँक्रीट ओतणाऱ्यांसाठी गुडघ्यांना जलरोधक पॅड, उंच गमबूट आणि लांब मनगटाचे रबरी हातमोजे लिहावेत. पँट गमबुटाच्या आत खोचू नये. ती बुटावरून सोडून घोट्याशी बांधावी, नाहीतर बुटाचे तोंडच नरसाळ्यासारखे काम करते. आत काँक्रीट गेलेच, तर पाळी संपण्याची वाट न पाहता बूट काढून पाय भरपूर स्वच्छ पाण्याने धुण्याची मुभा नियमातच असावी. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे अनेकांना कायमची त्वचेची ॲलर्जीही जडते, आणि एकदा ती जडली की त्या माणसाला गवंडीकामच सोडावे लागू शकते.

डोके

हेल्मेटचे कवच सगळ्यांना दिसते, पण आघात पसरवण्याचे अर्धे काम आतले पट्टे करतात. कवच आणि डोके यांच्यातली पोकळी मोकळी राहिली पाहिजे. तिथे हातमोजे, विड्या किंवा मोबाइल कोंबणारा माणूस दर साइटवर भेटतो. हेल्मेट उलटे घालू नये, अपवाद फक्त उत्पादकाने तशी खूण दिली असेल तेव्हाचा. त्यावर रंग किंवा थिनर लावू नये आणि उत्पादकाने परवानगी दिल्याखेरीज स्टिकरही चिकटवू नये, कारण काही द्रावके प्लॅस्टिकला आतून ठिसूळ करतात आणि ते वरून कळत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला उत्पादनाचे वर्ष आणि महिना ठशात उमटवलेला असतो, तो वाचून नोंदवहीत लिहावा. मोठा मार बसलेले हेल्मेट तडा दिसो वा न दिसो, बाद करावे.

हनुवटीचा पट्टा कोणता, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. युरोपातल्या ईएन ३९७ मानकाच्या नेहमीच्या हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटेल असा बनवतात, जेणेकरून तो कुठे अडकल्यास गळ्याला फास बसू नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचे ईएन १२४९२ हे मानक याच्या उलट, पट्ट्याने ५०० न्यूटन ओढ सहन करावी अशी अपेक्षा ठेवते, कारण पडताना ते डोक्यावर टिकले पाहिजे. उंचीवरच्या माणसाला पडण्याचा धोका मोठा असतो आणि अरुंद जागेत सळयांमधून सरपटणाऱ्याला अडकण्याचा. दोघांना एकच हेल्मेट देण्यापूर्वी हा विचार करावा.

हेल्मेटच्या रंगांना जगभर मान्य असा एकच अर्थ नाही. अभियंता, मुकादम, नवा माणूस, पाहुणा यांचे रंग आपल्या साइटपुरते ठरवून फलकावर लिहावेत, कारण दुसऱ्या साइटवरून आलेला माणूस तिथलाच अर्थ डोक्यात घेऊन येतो.

पाय आणि हात

सेफ्टी शूजसाठी आयएसओ २०३४५ हे मानक आहे. त्यातली पुढची टोपी २०० जूलचा आघात सहन करते, म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून बोटांवर पडल्याइतका, आणि १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे जवळपास दीड टनाचा भार. पाडकामात मात्र वरून पडणाऱ्या वस्तूइतकाच खालून घुसणारा खिळा त्रासदायक असतो. उलगडलेल्या शटरिंगच्या फळ्या खिळे वर करून पडलेल्या असतात आणि त्यांवर धूळ साचलेली असते. म्हणून तळव्यात खिळारोधक थर असलेलाच प्रकार घ्यावा. जुन्या खुणांमध्ये एस१पी किंवा एस३. हा थर पोलादी असतो किंवा विणलेला. विणलेला हलका आणि लवचिक असतो, पण बारीक खिळ्यापुढे तो कमी पडू शकतो. म्हणूनच मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत विणलेल्या थराची बारीक आणि जाड खिळ्यांसाठी वेगवेगळी चाचणी आणली गेली आहे. आपल्या साइटवर कोणते खिळे पडलेले असतात ते पाहून थर निवडावा.

हातमोज्यांच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचे वाक्य हे, की काही कामांत ते घालायचे नसतात. उभ्या ड्रिल मशीनसमोर किंवा उघड्या फिरत्या शाफ्टजवळ हातमोज्याचा एक धागा अडकला, तरी पूर्ण हात ओढला जातो. ही कामे नियमात नावानिशी लिहावीत. बाकी ठिकाणी ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाची खूण वाचायला शिकावे: ढालीच्या चित्राखालचे चार आकडे क्रमाने घर्षण, काप, फाटणे आणि टोचणे यांची पातळी सांगतात आणि त्यानंतर येणारे ए ते एफ हे अक्षर दुसऱ्या पद्धतीने मोजलेली कापरोधकता दाखवते. पत्रा आणि काच उचलणाऱ्याला कापरोधक मोजे, सळई बांधणाऱ्याला बोटे हलतील असे पातळ पण चिवट मोजे, सिमेंटला रबरी मोजे. कंपन शोषणारे म्हणून विकले जाणारे हातमोजे ब्रेकरवाल्याला द्यायला हरकत नाही, हात उबदार राहतात हाही फायदाच. पण ते दिले म्हणून ब्रेकर चालवण्याचा वेळ वाढवू नये.

दिसणे

डंपर किंवा एक्स्कॅव्हेटर चालवणाऱ्याला दिसणे हा जॅकेटचा एकमेव उद्देश आहे. चमकदार पिवळे, केशरी किंवा लाल कापड दिवसा काम करते. रात्री ते जवळजवळ निरुपयोगी असते आणि मग काम करतो तो चंदेरी पट्टा, तोही प्रकाश त्याच्यावर पडला तरच. आयएसओ २०४७१ मानकात तीन वर्ग आहेत. वर्ग २ ला किमान ०.५० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.१३ चौरस मीटर परावर्तक पट्टा लागतो, वर्ग ३ ला ०.८० आणि ०.२०. वाहने वेगाने जातात तिथे आणि रात्रपाळीला वर्ग ३ घ्यावा, म्हणजे बहुधा बाह्यांचे जॅकेट किंवा जोडीला पट्ट्यांची पँट. रंग निवडताना मागचे दृश्य पाहावे: सगळी यंत्रे पिवळी असतील, तर पिवळ्या जॅकेटातला माणूस त्यांच्यात विरघळून जातो.

पाडकामाच्या धुळीत आठवडाभर वापरलेले जॅकेट एकदा नव्या जॅकेटशेजारी धरून पाहावे. कापड राखाडी झालेले असते आणि पट्टा जागोजागी भेगाळलेला. ते धुवावे, पण धुण्यालाही मर्यादा आहे. किती धुलाईपर्यंत गुण टिकतील ते लेबलवर लिहिलेले असते. जॅकेटची बटणे लावलेली असावीत आणि हार्नेसचे, म्हणजे उंचीवरून पडताना रोखणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांच्या साधनाचे, पट्टे वरून घातल्याने चंदेरी पट्टे झाकले जात नाहीत ना, हे पाहावे.

डोळे, कान आणि उंचीवरचा पट्टा

रोजचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे. छिन्नी, ब्रेकर आणि ग्राइंडरसाठी बाजूने बंद असलेला, आघाताची खूण असलेला गॉगल द्यावा आणि ग्राइंडरला त्यावर फेसशील्ड. नुसते फेसशील्ड पुरत नाही, कारण कण खालून आत शिरतात. कानांसाठी आठ तासांना सरासरी ८५ डेसिबल ही रेघ बहुतेक ठिकाणी धरली जाते, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, या हिशेबाने १०० डेसिबलच्या ब्रेकरला पंधरा मिनिटेच मिळतात. हार्नेसची मागची कडी दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये यावी आणि मांडीचे पट्टे सपाट हात जेमतेम सरकेल इतके घट्ट असावेत. पडणाऱ्याला एकदा रोखलेला हार्नेस पुन्हा वापरू नये.

उतरवण्याचा नियम

आता मुख्य गोष्ट. बांधकामात कपड्यांवर येतो तो बहुतांशी चिखल. पाडकामात येते ती जुन्या इमारतीच्या पोटातली धूळ. वीट, मसाला आणि काँक्रीट फोडताना स्फटिकी सिलिका हवेत उडते आणि तिचे सर्वात बारीक कण, जे डोळ्यांना दिसत नाहीत, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जुन्या रंगात शिसे असू शकते. जुन्या पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टणात आणि छताच्या फरशांत ॲस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचे घातक खनिज असू शकते. या धुळीचे कपडे घरी गेल्याने ज्यांनी कधी साइट पाहिली नाही अशा, केवळ नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना काही दशकांनी मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. १९८६ च्या ॲस्बेस्टॉसविषयक आंतरराष्ट्रीय करारात (क्रमांक १६२) म्हणूनच असे कपडे घरी नेण्यास बंदी आणि ते धुण्याची जबाबदारी मालकावर, असे दोन्ही स्पष्ट आहे. माझे मत असे, की हाच नियम शिसे आणि सिलिकालाही लावावा.

यासाठी तीन कप्प्यांची सोय करावी: एका खोलीत घरचे कपडे, दुसरीत कामाचे आणि मध्ये हातपाय धुण्याची, शक्यतो अंघोळीची जागा. जेवायला बसण्यापूर्वी वरचे कपडे उतरवणे बंधनकारक असावे. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायला सक्त मनाई असावी. ही सवय फार खोल आहे. पाळी संपली की चार जण पाइपभोवती जमतात आणि एकमेकांच्या पाठीवर हवा मारतात, आणि दिवसभर मास्क लावून टाळलेली धूळ त्या दोन मिनिटांत, मास्क खाली ओढलेला असताना, श्वासात जाते. त्याऐवजी सूक्ष्म कण अडवणारी गाळणी असलेला व्हॅक्यूम क्लीनर द्यावा.

ॲस्बेस्टॉस सापडले असेल, तर काम प्रशिक्षित पथकाकडेच द्यावे. त्यांचा टाइप ५ चा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा, एकदाच वापरायचा ओव्हरऑल (पूर्ण अंग झाकणारा अखंड पोशाख) अंगापेक्षा एक माप मोठा घ्यावा, म्हणजे वाकताना शिवण फाटत नाही. टोपी मास्कच्या पट्ट्यांवरून यावी, मनगटे टेपने बंद करावीत, ओव्हरऑलचे पाय बुटांवरून सोडावेत आणि बूट बिनलेसचे असावेत, कारण लेसमध्ये अडकलेले तंतू निघत नाहीत. उतरवताना क्रम असा: आधी अंगावरच्या कपड्यांवर व्हॅक्यूम फिरवायचा आणि बूट ओल्या फडक्याने पुसायचे, मग ओव्हरऑल डोक्याकडून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा सोलून पिशवीत घालायचा, आणि मास्क सर्वात शेवटी. घाम आल्यावर हात आधी मास्ककडेच जातो; म्हणून हा क्रम प्रत्यक्ष करून घेऊन शिकवावा.

मास्कबद्दल एवढेच, की नाकाला बांधलेला ओला रुमाल आणि दवाखान्यातला पातळ मास्क सिलिका अडवत नाहीत. युरोपीय वर्गवारीतला एफएफपी२ मास्क किमान ९४ टक्के आणि एफएफपी३ ९९ टक्के कण गाळतो, पण चेहऱ्याला नीट चिकटला तरच. दाढीवर तो चिकटत नाही. ज्याला दाढी ठेवायची आहे, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला हवा पुरवणारा सैल टोपडीचा प्रकार द्यावा.

माप आणि एकत्र चाचणी

प्रत्येक वस्तू वेगवेगळी ठीक असते आणि एकत्र घातल्यावर भांडतात. आवाज अडवायला कानांवर चढवलेल्या मफच्या कडेला चष्म्याच्या काड्या फट पाडतात. थंडीच्या जॅकेटची टोपी मान वर करताच हेल्मेट कपाळावर ढकलते. म्हणून सामान वाटण्यापूर्वी दोन-तीन निरनिराळ्या बांध्यांच्या माणसांना सगळे चढवायला लावावे आणि उकिडवे बसणे, वर पाहणे, दोन्ही हात डोक्यावर नेणे, शिडी चढणे इतके करून घ्यावे. स्त्रियांना लहान मापाचे पुरुषी हातमोजे आणि हार्नेस देऊन भागत नाही. बोटांची लांबी आणि छातीच्या पट्ट्याची जागा वेगळी असते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत बांधकामाची साधने प्रत्येकाला नीट मापात बसली पाहिजेत, हे कलम जानेवारी २०२५ पासून स्पष्ट शब्दांत आले आहे.

लिहिणे आणि राबवणे

लिहिलेला नियम प्रत्येक कामासाठी अर्ध्या पानापेक्षा मोठा नसावा आणि कामगारांच्या भाषेत असावा. वस्तू कोण देतो, बदलून कोण देतो आणि किती वेळात, हे त्यात नावापुरते नव्हे, तर पदासह लिहावे. बदली बूट आठवड्याने मिळणार असतील, तर माणूस आठवडाभर चपलेवर काम करणार. पाहुण्यांसाठी फाटकाजवळ चार-पाच संच निरनिराळ्या मापांत तयार ठेवावेत आणि ते मालकानेही घालावेत. एका साइटवर मालक रोज बिनहेल्मेटचे फेरी मारत आणि मुकादम मजुरांना दंड करत असे. तिथे दंडाची वही भरली, पण डोकी उघडीच राहिली.

दर सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे एकमेकांचे सामान तपासायला लावावे. जे बाद झाले, ते कोपऱ्यात टाकू नये, कारण कोपऱ्यातले हेल्मेट दोन दिवसांत नव्या माणसाच्या डोक्यावर दिसते. हेल्मेटचे कवच करवतीने अर्धे करावे, हार्नेसचे पट्टे कापावेत, बुटाचा तळ उचकटावा आणि मगच ते कचऱ्यात जाऊ द्यावे.